लोगोची फाइल द्यायची कशात? कोरल, इलस्ट्रेटर, इंकस्केप आणि मधल्या मध्ये मी

रेघोट्या

मंडळी, मी नाशिकला ग्राफिक्सची फुटकळ-मोठी कामं करते. सगळं काम लिनक्सवर, इंकस्केपमध्ये. एका पतसंस्थेचा नवा लोगो आणि त्याबरोबरची स्टेशनरी केली आहे: लेटरहेड, पासबुकाचं कव्हर, शाखांचे बोर्ड. लोगो मंजूर झाला, पैसेही वेळेवर आले (नवल नोंदवून ठेवा). आता फायली सुपूर्द करायच्या आहेत आणि तिथे घोडं अडलंय.

प्रेस म्हणते, "सीडीआर द्या, तेही एक्स-सेव्हन किंवा त्याखालचं." (सीडीआर म्हणजे कोरलची फाइल, एक्स-सेव्हन ही कोरलची आवृत्ती.) बोर्डवाला म्हणतो, "ईपीएस द्या, नाहीतर एआय, कर्व्ह मारून." (ईपीएस हा छपाईवाल्यांचा जुना फॉरमॅट, एआय इलस्ट्रेटरची फाइल, आणि कर्व्ह मारणं म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून टाकणं.) वेबसाइट करणारी मुलं म्हणतात, "एसव्हीजी द्या, पण अक्षरं अक्षरंच ठेवा." आणि रेडियमवाला म्हणतो, "व्हॉट्सॲपवर फोटो टाका ताई, मी ट्रेस करून घेतो."

चाचणी म्हणून थोड्या फायली पाठवल्या. एसव्हीजी इलस्ट्रेटरमध्ये उघडली तर सगळं एक तृतीयांशाने मोठं. पीडीएफ कोरलमध्ये घेतली तर 'मर्यादित' मधला रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला. लोगोमागे मऊ सावली होती, ती चौकोनी ठिगळासारखी दिसायला लागली.

प्रश्न असा: सगळीकडे धड उघडेल असा एखादा फॉरमॅट आहे का? की प्रत्येकाला वेगळी फाइल द्यायची? आणि हे काम खरं कुणाचं, माझं की त्यांचं?

खवचट_खंडू

रेडियमवाल्याला फोटो पाठवा. बाकीचे तिघं शेवटी त्याच्याकडूनच फाइल मागून घेणार आहेत.

प्रेसवाला_बापू

ताई, मी सांगलीत ऑफसेट चालवतो, आमची बाजू ऐका.

आमच्याकडे दिवसभर पत्रिका, पावती पुस्तकं, हँडबिलं. त्यातली निम्म्याहून जास्त कामं अशी की गिऱ्हाईक मशीनवर प्लेट चढेपर्यंत मजकूर बदलत असतं. "काकांचं नाव राहिलं", "मुहूर्त दोन मिनिटांनी पुढे घ्या". ऑपरेटरला जे येतं त्यातच तो ते पटकन करणार, आणि आमच्या भागात ऑपरेटर कोरलवरच तयार होतो. म्हणून आम्ही सीडीआर मागतो. हौस म्हणून नाही.

व्हर्जनचं म्हणाल तर नवीन कोरलची फाइल जुन्यात उघडतच नाही. पाठवणाऱ्याने सेव्ह ॲज करताना खालचं व्हर्जन निवडायचं असतं. ते कुणी करत नाही आणि रात्री दहाला फोन करतात, "उघडली का?"

तुमच्या लोगोसाठी मात्र मला सीडीआर नको. लोगोत मजकूर बदलायचा नसतो. पीडीएफ द्या, सगळं कर्व्ह करून. प्रेसवाला सीडीआर म्हणतो ते सवयीने.

सायली_के

+१ बापू. आणि रेघोट्या, इंकस्केपमधून सीडीआर लिहिता येतच नाही, त्यामुळे तो पर्याय मुळातच बाद आहे. सीडीआर हा बंद फॉरमॅट. इंकस्केप किंवा लिब्रेऑफिस ड्रॉ तो वाचतात तेही बाहेरच्या लोकांनी फायली उलगडून उलगडून बनवलेल्या लायब्ररीच्या जोरावर.

पीडीएफ हेच उत्तर. इलस्ट्रेटरची .एआय फाइल म्हणजेसुद्धा व्हर्जन ९ पासून, म्हणजे २००० सालापासून, आतून पीडीएफच आहे. एक्स्टेन्शन बदलून .पीडीएफ करा, कुठल्याही पीडीएफ रीडरमध्ये दिसते. अट एकच: सेव्ह करताना 'क्रिएट पीडीएफ कंपॅटिबल फाइल' ही खूण ठेवलेली हवी. ती काढली असेल तर उघडल्यावर चित्राच्या जागी फक्त "ही फाइल पीडीएफ मजकुराशिवाय साठवली आहे" अशा अर्थाचा इंग्रजी निरोप दिसतो. फाइल हलकी होते म्हणून लोक ती खूण काढतात आणि मग कोरल, ॲफिनिटी, इंकस्केप सगळ्यांना तो निरोपच आयात होतो.

टक्समामा

पीडीएफ पीडीएफ काय लावलंय? व्हेक्टर, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेघा-आकारांनी बनलेल्या, चित्रासाठी खुलं मानक एकच, एसव्हीजी. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीने २००१ मध्ये पहिली आवृत्ती मंजूर केली. इंकस्केपची मूळ फाइलच एसव्हीजी, म्हणजे ताईंचं मूळ काम आणि देण्याची फाइल एकच. वीस वर्षांनी कंपनी राहिली नाही तरी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून वाचता येईल. हे सीडीआरवाल्यांनी करून दाखवावं.

सायली_के

मामा, मानक खुलं आहे म्हणून सगळे ते सारखंच वाचतात असं थोडंच आहे? तिने वर लिहिलंय की सगळं एक तृतीयांशाने मोठं झालं. ते कशामुळे?

टक्समामा

त्याला कारण आहे, सांगतो.

एसव्हीजीत माप नुसतं आकड्यात लिहिलं, एकक दिलं नाही, की तो आकडा पिक्सेल धरला जातो. एका इंचात किती पिक्सेल? सीएसएसच्या, म्हणजे वेबपानांच्या मांडणीच्या, हिशेबाने ९६. इलस्ट्रेटर मात्र पिक्सेल म्हणजे पॉइंट धरतो, इंचाला ७२. ९६ भागिले ७२ म्हणजे १.३३, हाच तो एक तृतीयांश. त्यात इंकस्केप आधी इंचाला ९० धरायचं. २०१७ च्या जानेवारीत आलेल्या ०.९२ पासून ९६ झालं, म्हणून जुन्या फायली नव्या इंकस्केपमध्ये उघडताना विचारणा होते. लेझर आणि कटिंगवाल्यांची तेव्हा तारांबळ उडाली होती, सगळे सुटे भाग सहा टक्के लहान!

उपाय: डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये पानाचं माप मिलिमीटरमध्ये ठेवा आणि व्ह्यूबॉक्स (आतल्या आकड्यांना पानाच्या मापाशी जोडणारी नोंद) असू द्या. देताना 'प्लेन एसव्हीजी' द्या, इंकस्केपच्या खास खुणा दुसऱ्यांना कळत नाहीत. लेयर दुसरीकडे साधे ग्रुप होऊन उघडतात, ते चालतं.

मापशेकर

म्हापशाहून लिहितो. माझं साइनबोर्ड आणि व्हिनाइल कटिंगचं दुकान आहे. मिलिमीटर वगैरे ठीक, पण मी कुणाच्याच फाइलवर विश्वास ठेवत नाही. फाइलच्या कोपऱ्यात बरोब्बर १०० मिमीची एक रेघ काढून द्या आणि खाली '१०० मिमी' लिहा. समोरच्याने उघडल्यावर ती मोजायची. फॉरमॅट कुठलाही असो, एका सेकंदात कळतं.

रेघोट्या

मापशेकर, हे फार आवडलं. करते लगेच.

अनिवासी_अण्णा

इथे जर्मनीत हा वाद ऐकून गंमत वाटते. आमच्याकडच्या छापखान्याला तुम्ही काय वापरता याच्याशी देणंघेणं नसतं. वेबसाइटवर पीडीएफ-एक्स (खास छपाईसाठीची पीडीएफ) चढवायची, तीन मिमी ब्लीड (कापण्यासाठी कडेबाहेर वाढवलेला भाग), रंग सीएमवायके (छपाईच्या चार शाया). चुकलं तर यंत्रच परत पाठवतं. पीडीएफ-एक्स-१ए असेल तर आतली ट्रान्सपरन्सी (पारदर्शकता) सपाट करून द्यावी लागते, पीडीएफ-एक्स-४ ला जिवंत ट्रान्सपरन्सी चालते. बस. भारतात लोक अजून 'ओपन फाइल', म्हणजे बदल करता येईल अशी, का मागतात कळत नाही.

प्रेसवाला_बापू

अण्णा, तुमच्या जर्मनीत पत्रिकेत मानपानाच्या यादीत आत्याबाई राहिल्या म्हणून रात्री साडेअकराला पाचजण प्रेसमध्ये येऊन बसतात का?

अनिवासी_अण्णा

बापू, हार मान्य.

खवचट_खंडू

आत्याबाईंसाठी पीडीएफ-एक्स-५ काढा.

फ्लेक्ससम्राट

कोरलला नावं ठेवणाऱ्यांना एक हिशेब विचारतो. वीस बाय दहाचा फ्लेक्स म्हणजे २४० इंच रुंद. इलस्ट्रेटरचा कॅनव्हास वर्षानुवर्षं २२७ इंचांचा, म्हणजे एकोणीस फुटांच्या आतच. चौकातला साधा वाढदिवस शुभेच्छा फ्लेक्स त्यात मावत नव्हता! २०२० मध्ये मोठा कॅनव्हास आला तेव्हा सुटका झाली. कोरलमध्ये १८०० इंच, दीडशे फूट, आधीपासून. फुटात माप टाका, खऱ्या मापाला काम करा, प्रिंटला पाठवा. आमच्यासारख्यांनी कोरल धरलं ते उगाच नाही.

सायली_के

सम्राट, मुद्दा बरोबर, पण १:१० ला काम करायची पद्धत त्यासाठीच आहे की. २४ बाय १२ इंचाचं पान घ्या, फोटो ७२० रेझोल्यूशनचा ठेवा, मोठा केल्यावर ७२ उरतो, फ्लेक्सला पुरतो. पीडीएफलाही साधारण २०० इंचांची मर्यादा आहेच, त्यापुढे एककं बदलण्याची युक्ती करावी लागते आणि ती जुन्या सॉफ्टवेअरला कळत नाही. त्यामुळे मोठ्या कामाला १:१० करून फाइलवर तसं ठळक लिहिणंच बरं.

फ्लेक्ससम्राट

ठळक लिहिलेलं ऑपरेटर वाचतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

शिरोरेषा

उशिरा आलो. माप, फॉरमॅट यांवर चांगली चर्चा झाली, पण ताईंच्या रफारावर कुणी बोललं नाही आणि मराठी कामात खरी गोची तिथेच असते. सविस्तर लिहितो.

युनिकोडमध्ये 'र्या' असं टाइप करताना र, हलन्त, य, काना अशी चार चिन्हं साठतात. रफार वर चढवणं, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणणं, जोडाक्षर बनवणं हे सगळं पडद्यावर दाखवताना फॉन्ट आणि प्रोग्रॅममधलं शेपिंग इंजिन मिळून करतात. प्रत्येक प्रोग्रॅमचं इंजिन वेगळं. इंकस्केपमध्ये ते नीट चालतं. कोरलमध्ये एक्स-६ पासून, म्हणजे २०१२ पासून, आलं. त्याआधीच्या कोरलमध्ये युनिकोड मराठी टाकलं की वेलांट्या सुट्या पडायच्या. इलस्ट्रेटरमध्ये टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये इंडिक पर्याय चालू करून परिच्छेदाला दक्षिण आशियाई कंपोझर द्यावा लागतो, नाहीतर 'क्षत्रिय' चे तुकडे. ॲफिनिटीत व्हर्जन २ पर्यंत देवनागरीचं शेपिंग नव्हतंच.

आता पीडीएफ. पीडीएफमध्ये अक्षरं 'अमुक आकृती अमुक ठिकाणी' अशी साठवलेली असतात. छापायला ती उत्तम. पण तीच फाइल संपादनासाठी कोरलमध्ये किंवा इलस्ट्रेटरमध्ये उघडली की तो प्रोग्रॅम त्या आकृत्यांवरून मूळ चिन्हं ओळखून पुन्हा मजकूर जुळवू पाहतो. पीडीएफ उघडून मराठी मजकूर परत मिळवणं म्हणजे तळलेल्या भजीतून कांदा सोडवणं. रफार एक घर पुढे, वेलांटी एक घर मागे, हे त्यातूनच होतं. दोष ना तुमचा ना ऑपरेटरचा.

मार्ग दोन. एक, तुम्ही इंकस्केपमधून पीडीएफ काढतानाच 'टेक्स्ट टू पाथ' निवडा (कर्व्हलाच इंकस्केप पाथ म्हणतं). दोन, बापूंसारख्यांनी कोरलमध्ये पीडीएफ आयात करताना जी खिडकी येते तिथे 'टेक्स्ट' ऐवजी 'कर्व्ह' निवडावं. उलट दिशेने, कुणाची पीडीएफ इंकस्केपमध्ये घ्यायची असेल तर आयातीच्या खिडकीत पॉप्लर/कैरोचा पर्याय घ्या, तो अक्षरांचे थेट आकार करून देतो.

आणि अजून एक, जे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. मराठीचा 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा. २००९ च्या शासन निर्णयातही तीच रूपं प्रमाण धरली आहेत. बऱ्याच युनिकोड फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पण मजकुराची भाषा 'मराठी' अशी खूण असेल तरच मराठी रूप येतं. ताईंच्या संगणकाची भाषाच मराठी असेल तर तिथे ते आपोआप येईल. तोच मजकूर दुसऱ्याच्या मशीनवर, त्याच फॉन्टमध्ये, हिंदीचा ल आणि श घेऊन उघडेल. फॉन्ट बदलला नाही, मजकूर बदलला नाही, तरी लोगो बदलला! म्हणून लोगोतली अक्षरं कर्व्ह झालीच पाहिजेत, याला पर्याय नाही.

रेघोट्या

शिरोरेषा, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून लोगो परत तपासला. पतसंस्थेच्या नावात 'ल' दोनदा आहे. माझ्याकडे पाकळीचा दिसतो, प्रेसच्या प्रूफमध्ये काठीचा. मी पाहत होते आणि मला फक्त 'काहीतरी वेगळं दिसतंय' एवढंच वाटत होतं.

मापशेकर

शिरोरेषा भाऊ, तुमचंच नाव घेऊन पुढचं सांगतो.

कर्व्ह केलं म्हणून काम झालं असं नाही. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा पुढच्या अक्षरावर थोडी चढलेली असते, मध्ये फट दिसू नये म्हणून. छापताना काळ्यावर काळं, काही कळत नाही. पण माझं यंत्र आकाराच्या कडेने ब्लेड फिरवतं. प्रत्येक जोडाजवळ शिरोरेषेतच आडवे-उभे काप. सोलून काढायला घेतलं की शिरोरेषेचे तुकडे हातात. काना, मात्रा, उकार जिथे चिकटतात तिथेही तेच.

कर्व्ह केल्यावर सगळी अक्षरं वेल्ड करा, म्हणजे जोडून एकच आकार करा. इंकस्केपमध्ये पाथ मेनूतलं युनियन, इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं युनाइट. कोरलमध्ये वेल्ड. आणि कोरलवाल्यांनो, कृपा करून वेल्डच्या जागी कंबाइन दाबू नका. कंबाइन केलं की जिथे दोन आकार एकमेकांवर आहेत तिथे भोक पडतं, शिरोरेषेवर पांढऱ्या खिडक्या. अशी फाइल आठवड्यातून एकदा तरी येते.

आउटलाइनवाली अक्षरं असतील तर ती रेघही आकारात बदलून घ्या, नाहीतर यंत्राला रेघेची जाडी कळत नाही, ते रेघेच्या मधून कापत जातं.

फ्लेक्ससम्राट

मापशेकर, कंबाइनवाले बहुतेक आमच्याच गावचे. निरोप पोचवतो.

टक्समामा

वेल्डचा मुद्दा खूपच मोलाचा. एसव्हीजीत याचाच भाऊ म्हणजे फिल रूल. नॉनझीरो असेल तर एकमेकांवरचा भाग भरलेला, इव्हनऑड असेल तर पोकळ. दुसऱ्या प्रोग्रॅमने नियम बदलून धरला की तीच भोकं. एकदा युनियन केलं की नियम कुठलाही असो, फरक पडत नाही.

जुना_डीटीपी

वाचून मजा आली. मी ठाण्यात नव्वदच्या दशकात डीटीपी करायचो. तेव्हा फ्रीहँड, पेजमेकर, कोरल यांच्यात फायली हलवायच्या म्हणजे ईपीएस, दुसरं काही माहीतच नव्हतं. इलस्ट्रेटरवाल्या ॲडोबीने २००५ मध्ये फ्रीहँडची मालक मॅक्रोमीडिया घेतली, २००७ मध्ये फ्रीहँड पुढे विकसित करणार नाही असं जाहीर केलं आणि लोकांच्या कपाटांतल्या सीड्यांमधल्या .एफएच फायली अनाथ झाल्या. ज्यांनी ईपीएस काढून ठेवले होते त्यांचे लोगो आजही उघडतात. त्यामुळे बोर्डवाल्याने ईपीएस मागितला तर हसू नका.

सायली_के

काका, आदर ठेवून असहमत. ईपीएसला ट्रान्सपरन्सी कळतच नाही. सावली, पारदर्शक भाग जे असेल ते आधी सपाट होतं, त्याचे चौकोनी तुकडे पडतात आणि तुकड्यांमध्ये पांढऱ्या केसासारख्या रेघा दिसतात. शिवाय सुरक्षेच्या कारणाने मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये ऑफिसमधून ईपीएस घालायची सोय बंद केली. पतसंस्थेचा क्लार्क वर्डमध्ये लोगो टाकायला गेला तर ईपीएसचा उपयोग शून्य.

जुना_डीटीपी

सपाट रंगाचा, कर्व्ह केलेला लोगो असेल तर ईपीएसमध्ये सपाट करायला उरतं काय? आणि लोगोला सावली देतंच कोण?

रेघोट्या

मी. (अध्यक्षांना 'उठाव' हवा होता.)

जुना_डीटीपी

मग अध्यक्षांना विचारा, पासबुकावर सोनेरी फॉइल मारायचं झालं तर सावलीचं काय करणार, फॉइलला करडा रंग नसतो. एकरंगी, बिनसावलीचा लोगो वेगळा करून द्याच. रबरी शिक्का, पावती पुस्तक, वर्तमानपत्रातली नोटीस, सगळं त्याच्यावर चालतं.

शिरोरेषा

काकांशी सहमत. सावलीचं तांत्रिक कारणही सांगून टाकतो. इंकस्केपमधला ब्लर हा एसव्हीजी फिल्टर असतो. पीडीएफ काढताना तो बिटमॅप होतो आणि त्याचं रेझोल्यूशन मूळ सेटिंगमध्ये ९६ असतं. सेव्हच्या खिडकीत ते ३०० करा, ठिगळ जाईल. कोरलची ड्रॉप शॅडो, लेन्स, मेश फिल, इलस्ट्रेटरचे लाइव्ह इफेक्ट, इंकस्केपचे पाथ इफेक्ट ही ज्याच्या त्याच्या घरची मंडळी, दुसऱ्याकडे जाताना एक तर आकार होऊन जातात नाहीतर चित्र होऊन. इंकस्केपचा मेश ग्रेडियंट तर ब्राउझरला मुळात कळतही नाही.

प्रेसवाला_बापू

कुणी रंगावर बोललं नाही म्हणून मीच बोलतो. इंकस्केपची पीडीएफ आरजीबी, म्हणजे पडद्याच्या रंगांत, येते. त्यातला काळा सीएमवायके करताना चारी रंगांचा होतो. लेटरहेडवर सात पॉइंटमध्ये पत्ता, तो चार रंगांत! रजिस्ट्रेशन (चार प्लेटांची जुळणी) केसभर हललं की पत्त्याला लाल-निळ्या कडा. लहान अक्षरं फक्त के १०० (नुसती काळी शाई) हवीत. आम्ही प्लेट काढण्याआधी कोरलमध्ये शोधा-बदला करून काळा दुरुस्त करतो, पण ज्याला माहीत नाही तो तसंच छापतो.

टक्समामा

त्यावर स्क्रायबस, पानं मांडायचा खुला प्रोग्रॅम. इंकस्केपमध्ये लोगो, मग तो स्क्रायबसमध्ये आणून रंगांना सीएमवायके किंमती द्या आणि तिथून पीडीएफ-एक्स काढा. फुकट आहे. आणि आता ॲफिनिटीही फुकट आहे, कॅनव्हाने घेतल्यावर २०२५ च्या ऑक्टोबरात नवीन ॲप बिनपैशाचं केलं. पण ते खुलं नाही, म्हणून मी शिफारस करणार नाही.

खवचट_खंडू

मामांना जेवण फुकट मिळालं तरी आधी पाककृती उघड आहे का विचारतात.

अनिवासी_अण्णा

वेबवाल्यांनी 'अक्षरं अक्षरंच ठेवा' म्हटलंय, त्याचं काय? ते चूक आहेत का?

सायली_के

लोगोसाठी चूक. एसव्हीजी जेव्हा साधं चित्र म्हणून पानात घालतात तेव्हा तिला बाहेरून फॉन्ट मागवता येत नाही. वाचणाऱ्याच्या फोनमध्ये तो फॉन्ट नसेल तर जो असेल त्यात नाव दिसेल, शिवाय शिरोरेषांनी सांगितलेला ल-श चा घोळ. कर्व्ह करा आणि एसव्हीजीच्या आत 'टायटल' टॅगमध्ये संस्थेचं नाव लिहा. एसव्हीजीचा कोड थेट पानात घातला तर पडदा वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर तेच वाचतात; साधं चित्र म्हणून घातली तर वेबवाल्यांनी तेच नाव 'आल्ट' मध्येही द्यावं, त्यांची हरकत मिटेल. एजन्सीला कारण सांगितलं तर ऐकतील, मुलं हुशार असतात.

आणि तुझा तिसरा प्रश्न, काम कुणाचं? मी तरी करारातच लिहिते: अंतिम फायली अमुक प्रकारच्या, त्यापलीकडे प्रत्येक विक्रेत्याच्या मागणीप्रमाणे फाइल बदलून देण्याचे वेगळे पैसे. नाहीतर वर्षभर कुठल्या ना कुठल्या शाखेचा बोर्डवाला फोन करत राहतो.

प्रेसवाला_बापू

पैसे वेगळे लावा, पण एकदा प्रेसला फोन करून "तुम्ही उघडून काय करणार, नुसतं छापणार की बदलणार" एवढं विचारा. दहातल्या आठ भानगडी त्या फोनवर मिटतात. लेटरहेडवर शाखेचा पत्ता बदलत राहणार, तिथे कर्व्ह केलेली फाइल दिलीत तर आमचा माणूस पत्ता स्वतःच्या मनाने, स्वतःच्या फॉन्टमध्ये टाइप करणार. त्या फाइलला पत्ता जिवंत हवा आणि फॉन्ट सोबत हवा. खुल्या परवान्याचा फॉन्ट वापरा म्हणजे वाटताना अडचण नाही.

फ्लेक्ससम्राट

आणि फायली ईमेल नाहीतर ड्राइव्हवर. व्हॉट्सॲपवर पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून, फोटो म्हणून नाही.

रेघोट्या

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल बसून असं केलं:

लोगोच्या अक्षरांचे पाथ केले, युनियन केलं, सावलीचा आणि बिनसावलीचा असे दोन लोगो ठेवले, बिनसावलीचा एकरंगीही. पानाचं माप मिलिमीटरमध्ये, कोपऱ्यात १०० मिमीची रेघ. प्रेसला स्क्रायबसमधून पीडीएफ, काळा के १०० करून. बोर्डवाल्याला बिनसावलीचा ईपीएस, वेबवाल्यांना प्लेन एसव्हीजी टायटलसकट, क्लार्कसाठी पारदर्शक पीएनजी. लेटरहेडचा पत्ता जिवंत ठेवून फॉन्ट सोबत दिला. रेडियमवाल्याला तोच एसव्हीजी दिला तर म्हणाला, "अरे वा, हे तर थेट कापतंय."

बापूंचं ऐकून प्रेसला फोनही केला. त्यांनी सीडीआरचं नाव काढलं नाही.

आता नवीन भानगड. संस्थेने जुन्या पासबुकाची सीडीआर पाठवली आहे, 'नियम आणि अटी यातूनच घ्या' म्हणून. इंकस्केपमध्ये उघडली, रेघा-चौकटी आल्या, पण मजकूर सगळा इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. कुठल्या फॉन्टमध्ये आहे तेही कळत नाही. चार पानं मजकूर आहे, परत टाइप करायचा का?

जुना_डीटीपी

थांबा, टाइप करू नका. तो युनिकोडच्या आधीचा फॉन्ट. त्या काळी पुण्याच्या मॉड्युलरचं श्रीलिपी, सीडॅकचं आयएसएम अशी पॅकेजेस चालायची. त्यांच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. फॉन्ट नसला की मागची इंग्रजी चिन्हं उघडी पडतात. मजकूर शाबूत आहे, फक्त दिसतो भयंकर.

आधी टेक्स्ट टूलने त्या मजकुरात क्लिक करून फॉन्टचं नाव बघा. बहुतेक वेळा नाव तिथे असतं, फॉन्ट नसला तरी. कुटुंब कळलं की त्या कुटुंबाचा युनिकोड कन्व्हर्टर वापरा. प्रत्येक कुटुंबाचा नकाशा वेगळा, चुकीचा कन्व्हर्टर लावलात तर खिचडीची बिर्याणी होईल. बदलून आल्यावर रफार, 'ऱ्य' आणि आकडे डोळ्यांत तेल घालून तपासा, व्याजदर चुकला तर संस्था तुम्हाला धरेल.

सायली_के

नाव नाहीच सापडलं तर अजून एक. कोरल एक्स-४ पासूनची सीडीआर ही आतून झिप असते. प्रत करून एक्स्टेन्शन .झिप करा, उघडा, आत छोटं प्रीव्ह्यू चित्र मिळतं. त्यात अक्षरांचं वळण दिसेल, काकांना इथे टाका, ते ओळखतील.

जुना_डीटीपी

टाका. चष्मा पुसून बसतो.

रेघोट्या

नाव सापडलं! शेवटी आकडा असलेलं काहीतरी आहे, काका, तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवलंय.

खवचट_खंडू

नियम आणि अटी वाचणारी या देशातली पहिली व्यक्ती म्हणून ताईंचा सत्कार ठेवा. फ्लेक्स सम्राट देतील, वीस बाय दहा, खऱ्या मापात.

फ्लेक्ससम्राट

देतो. फोटो पाठवा. डॉक्युमेंट म्हणून.